चौथे तेल

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरी तेलावर जितके बोलणे होते तितके वर्षभरात दुसऱ्या कशावरही होत नाही. अभ्यंगाला तिळाचे तेल घ्यावे की खोबऱ्याचे, यावर माझी आई आणि माझी पत्नी यांचे एकमत आजवर झालेले नाही. चकल्या तळून उरलेले तेल शेवेला चालते की नाही, हा दुसरा वाद. आणि पणत्यांत तेल घालायला म्हणून जवसाची बाटली फळीवरून काढली, की वडील आतून ओरडतात, "अरे, ते जवसाचं खायचं आहे, जाळू नका!" या तीन तेलांत गेल्या वर्षी मी चौथ्या तेलाची भर घातली. त्या तेलाला सडक्या कांद्यासारखा वास होता आणि ते मी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात तापवत होतो. सणासुदीच्या दिवशी घरातले वातावरण कसे झाले असेल, हे गृहस्थाश्रमी वाचकांना सांगायला नकोच.

ते तेल होते आमच्या फटफटीचे. म्हणजे फटफटीच्या मागच्या चाकाजवळ एक बंद डबी असते, त्या डबीत घालायचे. आता तुम्ही म्हणाल, फटफटीच्या मागच्या चाकाला साखळी असते, डबी कुठून आली? बरोबर आहे. आपण रस्त्यावर पाहतो त्या गाड्यांना साखळीच असते. पण काही थोड्या गाड्यांना साखळीऐवजी एक लोखंडी दांडा असतो. इंजिनाची ताकद त्या दांड्यातून मागे जाते आणि चाकाजवळच्या डबीतली दंतचक्रे चाक फिरवतात. साखळी सैल होत नाही, पाटलोणीला काळे डाग पडत नाहीत. अशी एक गाडी आमच्या महालातल्या जुन्या घराच्या पडवीत गोणपाटाखाली उभी आहे.

ती 'सनबीम एस-८'. सनबीम हे नाव इंग्लंडातल्या बीएसए कंपनीने १९४३ साली विकत घेतले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्या नावाने एस-७ ही जाडजूड टायरांची गाडी काढली, आणि १९४९ मध्ये तिची जरा सडपातळ बहीण एस-८. एर्लिंग पॉप नावाच्या माणसाने ती आखली होती. ४८७ सीसीचे, दोन सिलिंडरचे इंजिन मोटारीतल्यासारखे लांबट बसवलेले. साहेबलोकांनी कोट-टोपी घालून बसावे, कपड्यांना तेलाचा थेंब लागू नये, अशी ती कल्पना. फार चालली नाही. १९५६ च्या सुमारास ती बनायची बंदच झाली.

आमच्या आजोबांकडे ती आली ती १९६२ साली. आजोबा मनसरच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. विदर्भातल्या या खाणी तोवर एका विलायती कंपनीच्या होत्या. त्या वर्षी मॉइल स्थापन झाली आणि जुन्या साहेबांपैकी काहींनी बोटीची तिकिटे काढली. त्यांतल्या एका इंजिनिअरने जाताना ही गाडी आजोबांना दिली. फुकट नाही, पण फिटरला परवडेल अशा किमतीला, आणि तीही हप्त्याने. गाडीबरोबर एक तेलाचा डबा आणि एक ताकीद दिली. ताकीद अशी की, मागच्या डबीत दुसरे तेल घालू नकोस.

ही ताकीद नीट कळावी म्हणून डबीच्या आत काय आहे ते सांगतो. घरी पितळी सोऱ्या असेल तर तो आठवा. वरची मूठ फिरवली की आटे असलेला दांडा फिरत फिरत खाली जातो आणि चकलीचे पीठ दाबतो. असा एक आट्यांचा पोलादी दांडा आडवा ठेवा आणि त्याला एक दाती चाक भिडवा. दांडा फिरला, की प्रत्येक आटा चाकाचा एकेक दात पुढे ढकलतो. याला वर्म म्हणतात. वर्म म्हणजे किडा. सनबीमच्या डबीत तो किडा आहे. साध्या दंतचक्रांत दात दातावर बहुतांशी लोळतो. इथे आटा दातावर घासत जातो. लोखंडावर लोखंड असे घासले तर दोघेही एकमेकांना धरून बसतील. म्हणून चाक केलेले असते ब्राँझचे, म्हणजे तांबे आणि कथील यांचे. आपण ज्याला कासे म्हणतो त्याच कुळातले. मऊ धातू थोडे सोसतो, थोडे झिजतो आणि भांडण टाळतो. त्या दोघांच्यामध्ये जे काही शहाणपण असते ते तेलाचे.

आजोबांची एक सवय मला अजून दिसते. कुठूनही आले, की गाडी स्टँडवर लावून ते मागच्या डबीवर तळहात ठेवायचे आणि मोजायचे. दहापर्यंत हात राहिला तर ठीक. आठावर काढावा लागला तर चेहरा गंभीर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पान्हे-हातोड्यांबरोबर त्या डबीलाही कुंकू लागायचे.

आता या कथेतला अवघड भाग. वडील तेव्हा तरुण होते, सरकारी कचेरीत नोकरीला लागले होते. आजोबा आजारी पडले म्हणून गाडीची देखभाल त्यांच्याकडे आली. १९८८ साली त्यांनी डबीतले तेल बदलले. आजोबांचे जुने तेल मिळेना. दुकानदाराने नवे, महागडे तेल दाखवले, ट्रकच्या मागच्या एक्सलला घालतात ते. वडिलांनी पगारातून ते घेतले. आजोबांना आवडेल, याच हेतूने. दोन उन्हाळे गाडी चालली. मग एका संध्याकाळी आजोबांनी हात ठेवला आणि चारावर काढला. बूच उघडले तर तेलात सोनेरी चमक होती. गणपतीच्या मखरावरची जरी कुणी कुटून टाकावी तशी. ते ब्राँझ होते.

मी तेव्हा दहा वर्षांचा. आजोबांनी काही म्हटले नाही. बूच लावले, गाडीवर गोणपाट टाकले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर १९९६ साली वारेपर्यंत त्यांनी ती गाडी काढली नाही, आणि वडिलांना "कोणते तेल घातलेस" असे एकदाही विचारले नाही. वडिलांनीही सांगितले नाही. उरलेला डबा मात्र त्यांनी टाकून दिला नाही, माळ्यावर ठेवला.

गेल्या वर्षी दसऱ्याला मी गाडी काढली ती वडिलांच्या डोळ्यांसाठी, असे म्हटले तरी चालेल. त्यांना आता ऐंशीवे आहे. मोतीबिंदू काढूनही दिसणे पुसटच आहे. पण एकदा संध्याकाळी ते सहज म्हणाले, "तिचा आवाज ऐकायचा होता बाप्पा एकदा." एवढे पुरे झाले. कामठी रस्त्यावर एक म्हातारे उस्ताद आहेत. त्यांनी इंजिन उतरवले, कार्बोरेटर धुतला, तारा बदलल्या. मागची डबी उघडून त्यांनी विजेरीने बराच वेळ पाहिले. दात झिजून बारीक झाले होते, पण सगळे होते. नवे चाक विलायतेहून मागवता येते. किंमत ऐकल्यावर मी तो विषय सोडला. उस्ताद म्हणाले, "चलेगी मास्टरजी. लेकिन आखरी चाक है. तेल देख के डालना."

तेल देख के! मी चित्रकलेचा मास्तर. दहावीनंतर रंग आणि कुंचला याखेरीज काही शिकलो नाही. रात्री कादंबऱ्या लिहितो, त्यांतली पात्रेही बहुधा पायीच फिरतात. बर्डीवर पहिल्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलाने विचारले, "ऐंशी-डब्ल्यू-नव्वद देऊ?" मी घाबरून म्हणालो, इतके जाड नको. तो हसला. मग कळले की गिअरच्या तेलाचा नव्वद आणि इंजिनच्या तेलाचा नव्वद यांचा संबंध नाही. मोजायची पट्टीच वेगळी. गिअरचे नव्वद म्हणजे इंजिनच्या चाळीस-पन्नासाइतकेच दाट. एका वस्तूला दोन पट्ट्या कशाला असाव्यात, हे मला अजून समजलेले नाही.

दुसऱ्या दुकानात अधिक शहाणा माणूस भेटला. जाडीपेक्षा डब्यावर 'जीएल' पुढे काय आकडा आहे तो पाहा, असे त्याने सांगितले. जीएल-५ म्हणजे ट्रकच्या एक्सलचे. त्यात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे भरपूर. जीएल-४ मध्ये तीच, पण कमी. हे गंधक कशाला? तर एक्सलमधल्या पोलादी दातांवर भयंकर दाब येतो. तेल दाबून निघून जाते. त्या क्षणी तापलेल्या पोलादावर गंधक एक पातळ साय धरते, आणि पोलादाऐवजी ती साय झिजते. फार नामी युक्ती आहे. पण तांब्याचे आणि गंधकाचे वैर आपल्या बायकांना माहीत आहे. देवाचे ताम्हन हवेतल्या एवढ्याशा गंधकानेही काळवंडते. म्हणून तर दिवाळीत चिंच घेऊन बसावे लागते. पोलादाला जे कवच, ते तापलेल्या ब्राँझला विष होऊ शकते.

दुकानात उभ्या उभ्या मला एकदम माळ्यावरचा डबा आठवला.

जुन्या काळी काय घालत? चौकशी केली तेव्हा जगभराची गंमत कळली. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातले तेल गिअरला उत्तम म्हणत. अमेरिकेत मोटारींच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरमध्ये ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पडत होते. मग देवमासे वाचवण्यासाठी बंदी आली आणि कारखानदारांची काही वर्षे धांदल उडाली. वर्मच्या डबीला तर चरबी मिसळलेले तेल पसंत करीत, कारण चरबी ब्राँझला धरून राहते आणि चावत नाही. हे ऐकून आईने कानांवर हात ठेवले. "पडवीत चरबी? अन् खंडेनवमीला कुंकू?" मग मी तिला एरंडेलाचे सांगितले आणि ती खूश झाली. एरंडेलही धातूला असेच चिकटून राहते. एका विलायती कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले ते कॅस्टरवरून, म्हणजे एरंडीवरूनच. आपल्याकडे खाचराच्या आसाला घालायच्या ओंगणातही ते असायचेच. आईच्या मते ज्या तेलाने आम्हा भावंडांची पोटे साफ झाली त्याने गाडीचेही भले होईल. मलाही मोह झाला. पण एरंडेल काही महिन्यांत चिकट होऊन डिंकासारखे बसते, आणि खनिज तेलाशी त्याचे धड मिश्रण होत नाही. डबीच्या कानाकोपऱ्यांत जुने तेल राहिले असेल तर दोघांचे दह्यापाण्यासारखे वेगळे वेगळे राहणार. रोज रेस खेळून रोज डबी धुणाऱ्याचे ते तेल. आमची गाडी वर्षात चार वेळा निघणार.

शेवटी उत्तर मिळाले ते मोटारींच्या दुकानात नाहीच. कॉटन मार्केटच्या बाजूला कारखान्यांना वंगण पुरवणारे एक दुकान आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीतले लोक तिथे पिंपे भरून नेतात. मालकाला मी सोऱ्याचा दाखला देऊन डबी समजावू लागलो, तर तो म्हणाला, "वर्म गिअरबॉक्स म्हणा ना सरळ. माल वर चढवणाऱ्या पट्ट्याला असतोच की." त्याने चारशेसाठ नंबरचे, म्हणजे गिअरच्या पट्टीवर साधारण एकशेचाळीसच्या तोडीचे, दाट तेल दाखवले. गंधक नाही, थोडा स्निग्ध अंश मिसळलेला. "चरबी का?" मी आईच्या वतीने विचारले. तो म्हणाला की या मालात ती नाही, कृत्रिम एस्टर आहे. किंमत ट्रकच्या तेलापेक्षा कमी. इतके दिवस मी कुठे हिंडत होतो!

पण आता माझी खोड मला स्वस्थ बसू देईना. तेल तपासायची एक साधी पद्धत असते: घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास ठेवायची आणि तिचा रंग नमुन्याच्या रंगांशी ताडून पाहायचा. फिकट नारिंगी असेल तर तेल गरीब. मग तांबूस, जांभळट, मोरपंखी असे करीत करीत काळी झाली तर तेल दुष्ट. रंगांची परीक्षा म्हटल्यावर चित्रकलेचा मास्तर मागे कसा राहील? आजोबांच्या डब्यात भोकाचे पैसे होते; १९४३ ते ४७ मधले, ब्राँझचेच. चार निवडले. चिंचेने धुतले, बारीक पॉलिशकागदाने घासले. पत्नी पितळी समया घासत बसली होती. मी तिच्या शेजारीच बसलो. ती म्हणाली, "अहो, यंदा मदत करून राहिले वाटतं!" मी खरे सांगितले नाही.

चार वाट्या. एकीत कारखान्याचे तेल, दुसरीत जीएल-४, तिसरीत आजचे जीएल-५, आणि चौथीत माळ्यावरच्या डब्यातले. गच्चीवर शेगडी ठेवली, पातेल्यात पाणी उकळत ठेवले, वाट्या त्यात उभ्या केल्या. दीड तासात वास जिन्याने खाली उतरला आणि चिवड्यापर्यंत पोचला. पुढचे संवाद मी इथे देत नाही.

तीन तासांनी पैसे काढून पुसले. पहिला तसाच, जरा नारिंगी. दुसरा तांबूस. तिसरा, आजचे जीएल-५, तांबूसच पण डागाळलेला. दुकानदार म्हणाला होता की अलीकडच्या तेलांत तांब्याला जपणारी औषधे घालतात, ते खरे असावे. चौथा काळा होता. काळ्याच्या कडेला जरासा मोरपंखी. मी तो हातात धरून बराच वेळ उन्हात उभा राहिलो.

आता हे खरे, की पस्तीस वर्षे माळ्यावर तापलेले तेल आणि ताजे तेल एक नव्हे. त्या पैशाने न्यायालयात काही सिद्ध झाले नसते. पण मी तो खिशात टाकला.

जिना उतरतो तो वडील खाली खुर्चीत बसलेले. "काय करून राहिला रे वर?"

"बाबा, तेल तपासून राहिलो."

"माझंही तपासलं असशील."

मी गप्प. मग वरवर हसून म्हणालो, "हो. काही नाही झालं. हे पाहा," आणि जीएल-५ मधला तांबूस पैसा त्यांच्या हातात दिला. त्यांना रंग दिसणार नाही, हे मला माहीत होते. त्यांनी तो नाकाशी नेला. मग परत केला.

"हा नाही. माझ्या तेलाचा वास याहून उग्र होता. दुसरा दे."

मी खिशातला दिला. त्यांनी वास घेतला, अंगठ्याने चोळला. तो कसा दिसतो, हे त्यांनी विचारले नाही.

"बाबा, चाक त्या तेलाने गेलं असं नाही," मी म्हणालो. "आजोबा पाच-पाच जण बसवून रामटेकला न्यायचे. वर संत्र्यांचे पेटारे. त्या ओझ्यानेही गेलं असेल."

"दोन्हीनं," वडील म्हणाले. आणि जरा वेळाने, "अण्णांनी मला विचारलं असतं तं बरं झालं असतं. मी सांगितलं असतं."

आजोबा का बोलले नाहीत? राग होता म्हणून, की मुलाने पगारातून आणलेल्या तेलाला वाईट म्हणवेना म्हणून? मला स्वतःला दुसरे खरे वाटते. वडिलांनी सगळी वर्षे पहिले धरून काढली. मी त्यांना माझे मत सांगितले. ते "असेल" म्हणाले आणि तो काळा पैसा सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला.

धनत्रयोदशीच्या सकाळी डबी रॉकेलने तीनदा धुतली. तेल मीच ओतले. पण पातळी पाहायच्या भोकाशी बोट धरून वडील बसले, कारण ते काम डोळ्यांचे नाही, असे त्यांचे म्हणणे. "टपकलं. थांब." बोटाला लागलेले तेल त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिले. "दाट आहे. थंडीत जरा जड जाईल. पण आपल्या मे महिन्याला हेच पाहिजे." नागपुरात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो, तेव्हा पातळ तेलाचे पाणी होते, हे काही चूक नाही.

गाडी सातव्या किकला सुरू झाली. आवाज फटफटीचा नव्हेच. शिवणयंत्र लांबवर चालावे तसा. वडील डोळे मिटून ऐकत होते. त्यांना मागे बसवायची माझी छाती झाली नाही. महालातून निघून बर्डीवरून अंबाझरीच्या तलावापर्यंत गेलो, पाळीवर पाच मिनिटे थांबलो आणि परत आलो. दिवाळीच्या गर्दीत पोरे वळून वळून पाहत होती. एकाने तर विचारले, काका, चेन पडली का तुमची?

घरासमोर वडील ओट्यावर येऊन उभे होते. मी गाडी स्टँडवर लावली. ते काठी टेकत आले, चाचपत वाकले आणि मागच्या डबीवर तळहात ठेवला. आई दारात रांगोळीचा डबा घेऊन थांबली होती. तिला काही कळेना.

"एक," वडील म्हणाले. "दोन. तीन. चार."

चारावर ते जरा थांबले. हात तसाच होता.

"पाच," ते म्हणाले.